नेली असेल

"शी विल हॅव टेकन द की," बर्गेसाहेब म्हणाले आणि गुरव भाऊसाहेबांनी खाडखाड टाइपही करून टाकलं.

मी खुर्चीतून उठलेच. "थांबा, थांबा! हे काय लिहिलंत?"

"खाली बसा, शेटेबाई."

"बसते. आधी ते वाक्य खोडा. दाभोळेबाई असं बोललेल्या नाहीत."

"साक्षीदार जे बोलला त्याचंच मी इंग्रजी केलंय."

"कसलं डोंबलाचं इंग्रजी!"

तोंडातून निघून गेलं. मुख्याध्यापक चिंचकरसर उगीचच खोकले. गुरव भाऊसाहेबांनी मशीनवरून हात उचलले आणि टेबलाखाली लपवले. बर्गेसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण होऊ दे. माझ्या नोकरीचा प्रश्न होता, त्यांच्या चेहऱ्याचा नव्हता.

मी तालुक्याच्या गावच्या आमच्या मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायचे. त्या दुपारी मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीत आरोपी म्हणून बसले होते. आरोप काय, तर दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली चोरली, बीजगणिताचा पेपर काढला आणि घरी नेऊन माझ्या पल्लवीला दाखवला. बर्गेसाहेब म्हणजे शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. संस्थेनं त्यांना चौकशीला नेमलं होतं. चौकशी इंग्रजीतच लिहायची हा त्यांचा हट्ट. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर मराठी कागदाला कोण विचारतो, म्हणायचे. साक्षीदारानं मराठीत बोलायचं, यांनी इंग्रजीत सांगायचं, भाऊसाहेबांनी टाइप करायचं. आणि मी गप्प बसून ऐकायचं! एक तर चोर म्हणायचं, वर चुकीच्या इंग्रजीत म्हणायचं.

आता खरं काय झालं ते सांगते. किल्ली स्टाफरूमच्या बोळात खिळ्याला असायची. त्या संध्याकाळी ती नाहीशी झाली, हे खरं. सकाळी शिपायानं कुलूप फोडून पेपर काढले. पाकिटांना सील होतं की नव्हतं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. पेपर तपासून आले आणि पल्लवीला बीजगणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क. सहामाहीला ती काठावर पास झाली होती. झालं! गावाला तेवढं पुरलं. आई शाळेत, किल्ली गायब, पोरगी पहिली. दोन अधिक दोन पाच करायला आमच्या गावात कुणाला गणित यावं लागत नाही.

दिवाळीपासून पोरगी मान मोडून गणितं करत होती. दिवाळीचा फराळसुद्धा तिनं वहीवर ताट ठेवून खाल्ला. हे कुणी पाहिलं नाही. म्हणजे एका घरानं पाहिलं होतं, कुमुदच्या.

कुमुद दाभोळे माझी शेजारीण. शाळेत मराठी शिकवायची. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. शाळेत जाताना बरोबर, येताना बरोबर. पल्लवीच्या बारशाची कुंची कुमुदनं शिवली होती आणि तिच्या मिलिंदला पहिल्यांदा शाळेत नेलं ते मी. पोरं एकाच वर्गात. संध्याकाळी कुमुदच्याच ओसरीवर दोघं अभ्यासाला बसायची. त्यामुळं साक्षीदार म्हणून कुमुदचं नाव आलं, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस खरं बोलेल.

बोललीही ती. बर्गेसाहेबांनी विचारलं, "त्या संध्याकाळी काय झालं?"

कुमुद म्हणाली, "आम्ही दोघी निघालो होतो. फाटकापाशी शेटेबाईंना चष्म्याची आठवण झाली. त्या परत आत गेल्या, थोड्या वेळानं आल्या."

शेटेबाई! घरी मी विमल आणि इथं शेटेबाई. पण चौकशी आहे, म्हटलं, असंच बोलतात.

"आणि किल्ली? तुमच्या मते कुणी नेली?"

कुमुद म्हणाली, "त्यांनी नेली असेल."

एवढंच. तीन शब्द. आणि त्या तीन शब्दांचं बर्गेसाहेबांनी ते इंग्रजी केलं.

"साहेब," मी म्हणाले, "'नेली असेल' म्हणजे अंदाज. नेली असेल, नसेलही. इंग्रजीत त्याला 'शी मे हॅव टेकन' म्हणतात."

"असेल म्हणजे विल," बर्गेसाहेब बोटांवर मोजत म्हणाले. "येईल, विल कम. जाईल, विल गो. असेल, विल हॅव. नेली, टेकन. शब्दाला शब्द लावून बघा."

"असं शब्दाला शब्द लावायचं म्हटलं तर 'माझं डोकं फिरलं' याचं काय कराल? माय हेड रोटेटेड?"

भाऊसाहेबांना हसू फुटलं. ते त्यांनी रुमालात शिंकरलं.

"विषय सोडू नका, बाई."

"सोडत नाही, धरूनच आहे. विल हॅव टेकन हा पूर्ण भविष्यकाळ. दहावीला शिकवते मी. 'उद्या संध्याकाळपर्यंत मी पुस्तक वाचून संपवलेलं असेन,' असं सांगायचं असलं की वापरतात. म्हणजे तुमच्या कागदाप्रमाणं मी किल्ली अजून नेलेलीच नाही, पुढं कधीतरी नेणार आहे. न झालेल्या चोरीची चौकशी चालवलीय का संस्थेनं?"

चिंचकरसर म्हणाले, "शेटेबाई, जरा सबुरीनं."

"सबुरीनं कसं घेऊ, सर? माझ्या पगारावर घर चालतंय. ह्यांचं दुकान बुडालेलं तुम्हाला माहीत आहे. पोरगी दोन महिन्यांनी बोर्डाला बसणार आहे, तिला वर्गात पोरं 'किल्ली' म्हणून हाक मारतात. आणि मी सबुरी धरू?"

कुमुद खिडकीबाहेर बघत होती. बाहेर पाचवीचा खेळाचा तास चालला होता आणि लंगडीचा आरडाओरडा आत ऐकू येत होता.

बर्गेसाहेबांनी चष्मा पुसला. माणूस तसा अडाणी नव्हता. ते म्हणाले, "पूर्ण भविष्यकाळ मलाही माहीत आहे, बाई. पण इंग्रज माणूस भूतकाळाच्या बाबतीतही विल हॅव वापरतो. 'ही विल हॅव रीच्ड होम बाय नाऊ.' आतापर्यंत तो घरी पोचला असेल. चूक आहे का हे?"

"चूक नाही. बरोबर आहे."

"मग?"

"पण इंग्रज हे कधी म्हणतो? त्याची खात्री असते तेव्हा. रोज सकाळी एका ठरावीक वेळी दार वाजतं, तेव्हा तो बसल्या जागेवरून म्हणतो, 'दॅट विल बी द पोस्टमन.' त्याला ठाऊक असतं, दुसरं कुणी नाही. शंका असली की तो 'मे' म्हणतो. आपल्या 'असेल'मध्ये ती खात्री कुठाय? आपण म्हणतो, 'बस गेली असेल.' आणि तरी स्टँडवर पळत जातो की नाही?"

"जातो," भाऊसाहेब म्हणाले. रोज जत्तच्या बसमागं पळणारा माणूस तो.

"का जातो? कारण गेलीय का राहिलीय ते माहीत नसतं. नक्की गेलेली असती तर पळालो असतो का? मराठीतलं 'असेल' हे असं आहे. त्याच्या जागी तुम्ही 'विल' लिहिलंत की साक्षीदारानं खात्रीनं सांगितलं असं होतं. कार्यकारिणीत तो कागद वाचला जाईल, ज्यांना इंग्रजी येतं ते माना डोलावतील, ज्यांना येत नाही ते त्यांच्याकडे बघून डोलावतील. आणि मी घरी बसेन. एका शब्दानं!"

माझा आवाज चढला होता. पण डोकं साफ चालत होतं. वर्गात इतकी वर्षं खडू झिजवले, पण हा काळ इतका नीट कधी शिकवला नव्हता. बर्गेसाहेब टेबलावर पेन आपटत विचार करत होते. मला दिसत होतं, पटतंय त्यांना. भाऊसाहेबांनी तर खोडरबर हातात घेऊनच ठेवला होता.

"आणखी एक सांगते," मी म्हणाले. "पल्लवीला आत्ता इथं बोलवा. दुसरा पेपर द्या. तुम्ही काढा, बाहेरच्या शाळेतून मागवा. तुमच्या डोळ्यांदेखत सोडवू दे तिला."

"चौकशीचा विषय किल्ली आहे, मार्क नाहीत," चिंचकरसर घाईनं म्हणाले.

"मार्क नसते तर किल्लीची आठवण तरी झाली असती का तुम्हाला?"

"हे बघा," बर्गेसाहेबांनी हात वर केला. "वाद पुरे. शब्दाचा प्रश्न आहे ना? साक्षीदार समोर बसलाय, त्यालाच विचारू. तुमची हरकत?"

"माझी कसली हरकत? विचारा की!"

माझा जीव भांड्यात पडला. जिंकलेच होते मी. कुमुदला फक्त 'अंदाजानं बोलले' एवढं म्हणायचं होतं. मराठीची बाई ती! शब्दाचा कीस पाडणं तिचं रोजचं काम. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. बोल गं, म्हणजे घरी जाऊन चहा टाकू.

बर्गेसाहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "दाभोळेबाई, नीट विचार करून सांगा. तुम्ही म्हणालात, 'त्यांनी नेली असेल.' म्हणजे कदाचित नेली असेल, असं म्हणायचं होतं का तुम्हाला?"

कुमुदनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

"सांगा, बाई. घाबरू नका."

"नेलीच असेल," ती म्हणाली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणाली. वाटलं, परत तेच वाक्य म्हणतेय. मग तो 'च' कानात शिरला. नेली-च. ती मराठीची बाई होती. 'च' कुठं लावायचा आणि लावला की काय होतं, हे तिनं हजारो पोरांना शिकवलं होतं.

"नेलीच असेल," बर्गेसाहेब हळू म्हणाले. मग भाऊसाहेबांना म्हणाले, "गुरव, आहे तसं राहू द्या." आणि माझ्याकडे वळून, अगदी सभ्यपणे, "तुमचं व्याकरण बरोबर होतं, शेटेबाई. खात्री असेल तर विल. साक्षीदाराची खात्री आहे."

मीच शिकवलं होतं त्यांना.

बाहेर पडले ती कुमुदच्या मागं धावतच. पाण्याच्या टाकीपाशी तिला गाठलं. दंड धरला.

"माझ्याकडे बघ."

"विमल, सोड. लोक बघतात."

"बघू देत! आता बघायचं काय राहिलंय? तू मला फाटकापासून आत जाताना पाहिलंस आणि चष्मा घेऊन येताना पाहिलंस. हातात किल्ली पाहिलीस?"

"नाही."

"मग 'च' कुठून आणलास?"

मग एकदम तिचे डोळे भरून आले आणि ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मिलिंदनं पहिलीपासून गणितात नंबर सोडला नाही, विमल. एकदासुद्धा नाही. आणि तुझी पल्लवी एका दिवाळीत त्याच्या पुढं? मला नाही पटत. कुणालाच पटत नाही."

"तुझ्या ओसरीवर बसून केलीत तिनं ती गणितं! तुझ्या डोळ्यांसमोर! तूच तिला चहा करून द्यायचीस!"

"करायची ती. पण मिलिंद होता ना शेजारी. मला वाटायचं, त्याचं बघून करतेय."

माझ्या हातून तिचा दंड सुटला. माझ्यावरचा आळ मी एक वेळ गिळला असता. माणसाला नोकरी दुसरी मिळते. पण माझ्या पोरीनं इतके दिवस रक्त आटवलं आणि ही बाई चहाचा कप पुढं करता करता मनात म्हणत होती, हिला काय येतंय! त्या रागानं मला रडूसुद्धा आलं नाही. मी सरळ घरी आले.

निलंबन झालं. शिपाई येऊन तोंडी सांगून गेला, उद्यापासून येऊ नका, कागद मागनं येईल. ज्या बाईकडून मी वर्षानुवर्षं भाजी घ्यायचे तिनं मेथीची जुडी देताना विचारलं, "बाई, खरंच का वो?" दोन दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू उगीच त्या इंग्रजीच्या नादाला लागलीस. गप्प बसली असतीस तर निभावलं असतं." घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

पल्लवी मात्र गप्प बसली नाही. म्हणाली, "आई, मी सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवते. कुठलंही गणित घालू दे." मी तिला घेऊन चिंचकरसरांच्या घरी गेले. सर अंगणात आरामखुर्चीत बसले होते. म्हणाले, "आता प्रकरण कार्यकारिणीपुढं आहे. माझ्या हातात काही नाही." पोरगी दारात खडू घेऊन उभी होती. घरून आणला होता तिनं. सरांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

ती अंगणातून बाहेर पडेपर्यंत रडली नाही. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "मी बोर्डाला गणितात मुद्दाम नापास होऊ का? मग तुला परत घेतील?" असलं बोलायची पाळी एका पंधरा वर्षांच्या मुलीवर आली. मला आजही कुणी विचारतं, इतका राग का धरलास? का धरू नको?

किल्ली सापडली ती शिंप्याच्या दुकानात.

चिंचकरसरांच्या भाच्याचं लग्न निघालं म्हणून त्यांच्या बायकोनं सरांचा गरम कोट नवं अस्तर लावायला दिला. शिंप्यानं जुनं अस्तर उसवलं आणि किल्ली खाली पडली. सरांच्या खिशाला भोक होतं. त्या संध्याकाळी सरांनीच कपाट तपासलं, किल्ली खिळ्याला लावायच्या ऐवजी खिशात टाकली आणि ती भोकातून अस्तरात उतरली. कपाटाला दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. पेपर कुठं गेला नव्हता. शिंपी हुशार निघाला. किल्ली सरांकडे पोचती करायच्या आधी त्यानं सगळ्या गल्लीला दाखवली, म्हणून ती पुन्हा हरवली नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "शेटेबाई, सोमवारपासून या. झालं गेलं गंगेला मिळालं."

"कुणाच्या गंगेला, सर? नाव माझ्या पोरीचं नासवलंत आणि गंगा पण माझीच का?"

ते हसल्यासारखं करून निघून गेले. सोमवारी मी गेले. जावंच लागलं. नववीच्या वर्गात शिरले तर पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीखच लिहीत राहिले.

त्या संध्याकाळी कुमुद आली.

तशी ती पूर्वी रोज यायची. पण त्या दिवशी मागच्या दारानं आली नाही, पुढच्या दारानं आली. हातात खरवसाची वाटी. पल्लवी आत अभ्यास करत होती. मिलिंदबरोबर बसणं तिनं केव्हाच सोडलं होतं. कुमुद माझ्यासमोर पाटावर बसली. वाटी दोघींच्या मध्ये ठेवली.

"देवाच्या दारी न्याय असतो बघ," ती म्हणाली.

मी भांडी पुसत होते. पुसत राहिले.

"मला तर झोप नव्हती, विमल. हे तर मला म्हणाले, अगं, तू असं का बोललीस? मी म्हटलं, मी कुठं काय बोलले? मी नुसतं 'असेल' म्हटलं होतं."

माझा हात थांबला.

"काय म्हटलं होतंस?"

"असेल. नेली असेल. अंदाजानं. तूच नाही का साहेबांना एवढं समजावलंस, असेल म्हणजे अंदाज, कदाचित, म्हणून? किती छान समजावलंस गं! मी तर बघतच राहिले. पण तो बर्गे ऐकतोय कुठं! त्यानं आपलं ते इंग्रजी लिहिलंच."

"आणि च?"

"कसला च?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, हसेल, लाजेल, निदान नजर तरी चुकवेल. नाही. तिला खरंच आठवत नव्हतं किंवा तिनं खरंच पुसून टाकला होता. माझ्या डोक्यात त्या दिवसापासून रात्रंदिवस ठणकणारं एक अक्षर तिच्याकडे नव्हतंच.

"बोलण्याच्या ओघात एखादा 'च' येतो गं माणसाच्या तोंडून," ती म्हणाली. "त्याचं काय एवढं? आपली का आजची ओळख आहे? खा ना खरवस. पल्लवीला दे. मिलिंद विचारत होता, ती येत का नाही म्हणून. उद्यापासून पाठव तिला."

आतून पल्लवीचा सूत्रं म्हणण्याचा आवाज येत होता. तो थांबला. ती ऐकत होती.

बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळी गल्ली गोळा झाली असती आणि परत एकदा पोरीचंच नाव निघालं असतं. मी वाटी उचलली आणि तिच्या हातात परत दिली.

"अगं, भरली वाटी परत करतात का?" ती म्हणाली. मी परत भांडी पुसायला घेतली, तेव्हा उठली. पदर नीट केला. दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर थांबली आणि नेहमीसारखी वळली. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. निघणारी पुन्हा येणार असते ना, म्हणून ती म्हणते 'येते' आणि घरातलं माणूस म्हणतं 'ये'. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी हे किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

"येते गं, विमल," कुमुद म्हणाली.

"जा," मी म्हणाले.